गरम असताना बंद करू नये

आमच्या घरमालकांच्या, म्हणजे सरांच्या, घरातून रागारागाने उठून जायची सोय नव्हती. भांडायला कुणीही यावं, पोटभर भांडावं, पण निघायची वेळ आली की सर दारात खुर्ची आडवी टाकत आणि म्हणत, "दोन मिनिटं बसा. गरम हाय तुम्ही. असंच बंद करून जाऊ नका." मग आतून काकू चहा आणत. चहा संपेपर्यंत कुणाचं भांडण मिटल्याचं मी पाहिलं नाही, पण आवाज मात्र नक्की खाली येत असे.

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण जालन्याच्या मस्तगडात राहायला आले त्याच आठवड्यात झालं. मी बियाण्यांच्या कंपनीत, प्रयोगशाळेत नोकरीला होते. वरच्या दोन खोल्या मला भाड्याने दिल्या होत्या आणि खालचं अंगण सरांनी गाड्या दुरुस्त करायला स्वतःकडे ठेवलं होतं. मी वर कठड्यावर माझे पांढरे ॲप्रन वाळत घातले होते आणि खाली एका जीपने असा काही काळा धूर सोडला की ॲप्रनचं पोतेरं झालं. मी ओढणी कमरेला खोचून खाली उतरले आणि एक ॲप्रन त्यांच्या नाकासमोर धरला.

"सर, हे काय आहे?"

त्यांनी ॲप्रन हातात घेतला, काजळीवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि खूश होऊन जीपवाल्याकडे वळले. "बघ! मी काय सांगून राह्यलो होतो? डिझेल जास्तीचं जाऊन राह्यलं. हा बघ पुरावा."

माफी बाजूलाच, माझा ॲप्रन साक्षीदार झाला. मी आणखी चिडले, तोंडाला येईल ते बोलले आणि पाय आपटत जिन्याकडे निघाले, तर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची. बसावं लागलं. चहा प्यावा लागला. काकूंनी ॲप्रन तेवढ्यात भिजतही घातला होता.

त्या दिवशी मला हे खूळ वाटलं. खूळच होतं ते. पण आज मी अकोल्याला संसार करते आणि नवरा चिडून बाहेर निघाला की मीही दारात खुर्ची टाकते. त्याला अजून या खुळाचं मूळ पुरतं माहीत नाही.

सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे निदेशक होते. निवृत्त झाले तरी जालन्यातले निम्मे मेकॅनिक त्यांना पाहिलं की हातातली बिडी टाकत. उंच, सडपातळ, अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्याच शर्टावर ते गाडीखाली सरपटत जात आणि डाग न लावता बाहेर येत. मग दोन्ही बाह्या पुढे करून आम्हाला दाखवत. हाताचं ग्रीस काढायला त्यांना लिंबाची फोड आणि साखर लागे. काकू साखरेचा डबा कुलपात ठेवत, आणि हा माणूस ते कुलूप तार घालून उघडत असे.

नम्रता हा पार्ट त्यांच्यात बसवलाच नव्हता. "माझ्यासारखा कान अख्ख्या मराठवाड्यात न्हाई," हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. गाडी आली की पहिल्या दिवशी तिला हात लावायचा नाही, हा नियम. "आधी ऐकायचं, मंग बघायचं, मंग हात लावायचा." एक लांब लोखंडी सळई होती. तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवून ते डोळे मिटून उभे राहत. अंगणात तेव्हा कुणी खोकायचंसुद्धा नाही. हीच सळई ते काकूंच्या मिक्सरला लावत, पाण्याच्या मोटारीला लावत. एकदा काकूंचा गुडघा दुखत होता तर गुडघ्यालाही लावली. "बेरिंग गेलंय," म्हणाले. काकूंनी लाटणं दाखवलं तेव्हा सळई खाली ठेवली.

माझ्या स्कुटीचा निकाल त्यांनी सळईशिवायच दिला. "पोरी, तू ब्रेक लावत न्हाईस. नुसता हॉर्न वाजवतीस." खरं होतं ते.

अंगणाच्या कोपऱ्यात, जास्वंदीजवळ, ताडपत्रीखाली एक गाडी झाकून ठेवलेली होती. बुटकी, लांबट. मांजरीचं बाळंतपण तिच्याखालीच होई. जालन्यातल्या निम्म्या गाड्या सर दुरुस्त करत, पण त्या ताडपत्रीची दोरी कधी सैल होत नसे. मी एकदा विचारलं, "सर, यात काय आहे?" तर ते उठले आणि जास्वंदीला पाणी घालू लागले. जास्वंदीला तासापूर्वीच पाणी घातलं होतं, तेही त्यांनीच.

मग काकूंनी सांगितलं, शेंगा फोडता फोडता.

ती जपानी स्पोर्ट्स कार होती. दोन दारांची, टर्बोची, जुन्या काळातली. इथल्या एका कारखानदाराच्या मुलाने हौसेने आणली होती. टर्बो म्हणजे काय ते काकूंनी मला सरांपेक्षा सोपं करून सांगितलं. "लोहाराचा भाता असतो ना, तसं समज. इंजिनाचा धूर बाहेर जाताजाता एक चक्री फिरवतो, अन् ती चक्री उलट इंजिनातच जास्तीची हवा कोंबती. मंग गाडी उधळती. पण ती चक्री लाल होस्तोवर तापती. तिला जिवंत ठेवतं ते फक्त तेल. अन् तेल येतं ते इंजिन चालू असेस्तोवरच."

म्हणून टर्बोची गाडी जोरात पळवून आणली की लगेच चावी फिरवायची नाही. दोन मिनिटं जागेवर चालू ठेवायची. तेल फिरत राहतं, चक्री गार होते, मग बंद. त्या मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं आणि त्याने ऐकलं नाही. तो भरधाव यायचा आणि फाटकात चावी काढून खिशात टाकायचा. आतलं तेल जागच्या जागी जळून कोळसा झालं, चक्री अडकली, पाठोपाठ इंजिनही गेलं. कारखानदार वैतागून सरांना म्हणाला, घेऊन जा हे धूड.

सरांनी ते आणलं आणि आयटीआयमधल्या आपल्या दोस्ताला बोलावलं. ते टर्नर ट्रेडचे, म्हणजे लेथवर लोखंड कातायला शिकवणारे निदेशक, म्हणून सगळे त्यांना टर्नर सर म्हणत. भोकरदनकडचे, शेतकऱ्याच्या घरचे, अबोल. लेथवर त्यांचा हात असा की आमचे सरसुद्धा त्यांच्यापुढे स्वतःची तारीफ करत नसत. दोघांची एक गंमत काकूंनी सांगितली. सर जगाला 'जय भीम' घालत, पण टर्नर सर दिसले की 'रामराम' म्हणत. आणि टर्नर सर, ज्यांच्या गावात सकाळ रामरामने सुरू होते, ते फक्त आमच्या सरांना 'जय भीम' म्हणत. कुणी ठरवलं नव्हतं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

रविवारी-रविवारी दोघांनी मिळून ते इंजिन पुन्हा उभं केलं. सिलिंडर आतून घासून गोल करायचं काम, ज्याला बोअरिंग म्हणतात, ते टर्नर सरांनी केलं. बाकीची जुळणी सरांनी. ज्या दिवशी चावी फिरवायची त्या दिवशी आयटीआयचा सगळा स्टाफ अंगणात जमला. काकूंनी शिरा केला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, टाळ्या पडल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत मागून निळा धूर निघाला. असा की समोरचं घर दिसेना. निळा धूर म्हणजे तेल जळतंय.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. चारचौघांत नाक कापल्यासारखं झालं ह्यांना. सळई न्हाई लावली, काही न्हाई बघितलं. सगळ्यांसमोर म्हणले, 'बोअर ढिलं केलंस तू.'"

टर्नर सरांनी हात पुसले, आपल्या मापाच्या पेट्या उचलल्या आणि गेले. पुढे निवृत्त होऊन ते भोकरदनला राहायला गेले. फोन नाही, निरोप नाही, लग्नकार्याला येणंजाणं नाही.

"अन् तवापास्नं," काकू फोलपटं गोळा करत म्हणाल्या, "जगाला खुर्चीत बसवून राह्यलेत. ज्याला बसवायचं होतं त्याला जाऊ दिलं."

मला वाटलं होतं तो खुर्चीचा सगळा शहाणपणा टर्बोचा आहे. तो टर्बोचा होताच, पण फक्त टर्बोचा नव्हता.

मध्ये कितीतरी दिवस गेले. मग एकदा शहागडकडून एक ट्रक आला. ट्रक कसला, चालता वणवाच, मागे निळ्या धुराचा लोट. ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं होतं की इंजिन संपलं, सगळं खोलावं लागणार. त्याच ट्रकवर त्याच्या बहिणीच्या लग्नाचं सामान जायचं होतं. सरांनी सळई लावली. बराच वेळ ऐकलं. मग ट्रकखाली शिरले आणि टर्बोच्या बुडातून तेल खाली उतरायचा जो पाइप असतो, रिटर्न पाइप, तो काढून बाहेर आणला. रबर आतून फुगून भोक बंद झालं होतं.

"तेल वरून येऊन राह्यलं, खाली जायला वाट न्हाई. मंग ते कुठं जाईल? धुरात जाईल. इंजिन ठणठणीत हाय तुझं."

नवा पाइप लावला, ट्रक थोडा वेळ चालवला आणि धूर हळूहळू विरळ होत गेला. ड्रायव्हर सरांच्या पाया पडला. मी वरून बघत होते. आता सर बाह्या पुढे करतील, मराठवाड्यातला कान वगैरे होईल, म्हणून हसू दाबून थांबले होते. पण ते हातातला जुना पाइप उलटासुलटा करत राहिले आणि मग त्यांनी मान वळवून ताडपत्रीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर ताडपत्री निघालेली. गाडीचा लाल रंग विटून विटेसारखा झाला होता आणि मांजर पिल्लांसकट जास्वंदीखाली रुसून बसली होती.

"मॅडम," सर म्हणाले, "तुमचा हात बारीक हाय. इकडं या."

ते एरवी मला पोरी म्हणत. मॅडम म्हणाले की काम असे. टर्बोच्या खाली, जिथे त्यांची बोटं पोचत नव्हती, तिथे माझ्याकडून त्यांनी दोन बोल्ट काढून घेतले. शिव्या मी मनातल्या मनात दिल्या. रिटर्न पाइप हातात आला. त्याच्या तोंडाशी अंगठा सहज जावा एवढी वाट असायला हवी होती. तिथे राखाडी पेस्ट दगडासारखी घट्ट बसली होती. मधे उरलेलं भोक एवढंसं की ज्वारीचा दाणा जेमतेम गेला असता. दाण्यांचं मला कळतं.

ही पेस्ट दोन भागांच्या सांध्यातून तेल गळू नये म्हणून लावतात. आणि वर्गात सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला नक्कल करून ऐकवलं होतं. "पेस्ट म्हणजे भाकरीवरचं लोणी न्हाई, बोटानं थापायला!" पहिल्या जुळणीच्या वेळी या परदेशी गाडीचं गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसवायची चकती, इथे मिळत नव्हतं. म्हणून सरांनी ते स्वतः जाड कागदातून हातोडीने ठोकून कापलं, भोक जरा लहान झालं, आणि गळायला नको म्हणून वर पेस्ट थापली. भाकरीवरच्या लोण्यासारखी. आवळताना ती आत घुसली आणि वाळली.

सर उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. काकूंनी चहा आणला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

तरी त्यांनी इंजिन वरून उघडलं. पुरतं बघायचं होतं त्यांना. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर टर्नर सरांनी काढलेल्या बारीक तिरप्या रेघा, तेल धरून ठेवणाऱ्या, जशाच्या तशा होत्या. सरांनी आत बोट घातलं आणि गोल फिरवलं. परत फिरवलं.

"बोअर बराबर होतं त्याचं," ते म्हणाले. "बिलकुल बराबर."

"हे मला सांगून काय उपयोग?" काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, फोन करा. तर म्हणाले, "फोनवर काय सांगू? धूर बंद झालेला फोनवर दिसत न्हाई."

मग सुरू झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात तेलकट आणि सगळ्यात मजेचं दिवाळीनंतरचं थंडीचं सत्र. आमच्या प्रयोगशाळेत तडा गेलेले, टाकून द्यायचे ट्रे साहेबांना विचारून मी घरी आणले. ज्यांत कपाशीचं बी उगवलं होतं त्यांत आता बोल्ट आणि वॉशर पहुडले. कुठला बोल्ट कुठला, ते मी चिठ्ठ्या चिकटवून ठेवी आणि सर त्या चिठ्ठ्या न वाचता बरोबर उचलत, मुद्दाम मला चिडवायला. टर्बो त्यांनी पूर्ण खोलून साफ केला. नवी सीलं संभाजीनगरच्या ओळखीतून मागवली. गॅस्केट पुन्हा कापलं. या वेळी भोक त्यांनी माझ्याकडून तपासून घेतलं, आणि पेस्टचा हात इतका पातळ की दिसू नये. मी ते सत्र संपूच नये असं मनात म्हणत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही. संध्याकाळी कामावरून आले की खालून 'मॅडम' अशी हाक यावी, याची मला सवय झाली होती.

गाडी सुरू झाली. मागून फक्त थोडी वाफ, मग तीही नाही. काकूंनी शिरा केला. आम्ही तिघांनीच खाल्ला.

आणि त्यानंतर सर भोकरदनला जाईनात. आज काय तर हॉर्नचा आवाज बसका आहे. उद्या काय तर सीटची शिवण उसवली आहे. गाडीचं पासिंग नव्याने करून घेतलं, त्यात काही दिवस गेले. रंग घासला. एका संध्याकाळी ते चाकांच्या नटांना पॉलिश करत बसलेले दिसले तेव्हा माझा संयम संपला.

"सर, गाडी तयार आहे. तुम्ही तयार नाही."

ते नटाकडेच बघत म्हणाले, "अन् तो बाहेरच आला न्हाई तर?"

"नाही आले तर नाही आले! पण तुम्ही जाऊन तर या. त्यांना सगळ्या स्टाफसमोर बोललात आणि आता एकट्याने सांगायलाही घाबरता?"

मी जिन्याकडे निघाले. "पोरी, दोन मिनिटं बस," मागून आवाज आला. खुर्ची होतीच.

"नाही बसत," मी म्हटलं. "आधी त्यांना बसवा, मग मला."

मी खुर्ची बाजूला सरकवली आणि वर गेले. त्या घरातून गरम असताना गेलेली, टर्नर सरांनंतर, मी एकटीच. वर जाऊन मात्र मी जिन्यावरच्या आवाजाकडे कान लावून बसले. भाडेकरूने घरमालकाला इतकं बोलावं का, हा प्रश्न होता, आणि सर दुखावले असतील, ही त्याहून मोठी बोच होती.

सकाळी खालून हाक आली. "मॅडम, चला जल्दी. भोकरदनला जायचंय."

काकू पुढे बसल्या, नवी साडी नेसून, मांडीवर शिऱ्याचा डबा. मागच्या सीटवर माणसाने बसावं अशी जपान्यांची कल्पनाच नसावी. तिथे मी घडी होऊन बसले. एवढी टर्बोची उधळणारी गाडी, पण सर ती अशी हाकत होते की राजूरच्या अलीकडे आम्हाला एका टमटमने मागे टाकलं. टमटमवाल्याने वळून पाहिलं आणि हसला. "नवं इंजिन हाय, आधी सावकाशच चालवावं लागतं," सर म्हणाले. ते खरंही होतं. पण स्टीअरिंगवरचे त्यांचे हात मला मागून दिसत होते आणि ते नुसते इंजिनासाठी सावकाश नव्हते. भोकरदन जवळ आलं तेव्हा मात्र एका मोकळ्या पट्ट्यावर त्यांनी एकदाच पाय दाबला. गाडीने मागे शीळ घातल्यासारखा आवाज केला, काकूंनी डबा घट्ट धरला आणि मी ओरडले. त्या आवाजात भीती नव्हती.

टर्नर सरांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारासमोर गाडी थांबली. सरांनी हॉर्न दिला नाही, इंजिन बंद केलं नाही. उतरलेही नाहीत. गाडी जागेवर चालू ठेवून स्टीअरिंग धरून बसून राहिले. काकू उतरल्या, त्यांच्यामागे मी कशीबशी निघाले. टर्नर सरांच्या बायकोने काकूंना पाहिलं आणि ती पदर सावरत धावतच आली. दारात कुणी पुरुष दिसेना. सरांचा चेहरा कसा होत चालला होता ते मला बघवेना.

मग टर्नर सर आले. ठेंगणे, डोक्याला मफलर, हातात खुरपं. परसातून इंजिनाचा आवाज ऐकून आले होते. त्यांनी सरांकडे पाहिलंच नाही. सरळ गाडीच्या मागे गेले, वाकले आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. धरूनच ठेवला. मग तळहात उजेडात नेऊन पाहिला. कोरडा होता.

ते खिडकीशी आले. "कशात होतं?"

"रिटर्नमधी," सर समोर बघतच म्हणाले. "माझीच पेस्ट. भोक बुजलं होतं."

"अन् बोअर?"

"बोअर बराबर होतं तुझं. उघडून बघितलं, रेघासुद्धा जशाच्या तशा हायत." सर आता त्यांच्याकडे वळले. "मी न ऐकता बोललो रे. चुकलो मी."

टर्नर सरांनी खुरपं कट्ट्यावर ठेवलं. काही वेळ ते इंजिन ऐकत उभे राहिले, सळईशिवाय.

"मंग बंद कर की आता. पेट्रोल कामून जाळून राह्यला?"

"थांब," सर म्हणाले. "गरम हाय अजून."

टर्नर सरांनी पलीकडून येऊन दार उघडलं आणि काकूंच्या रिकाम्या सीटवर बसले. दार लावून घेतलं.

"जय भीम," ते म्हणाले.

"रामराम," सर म्हणाले.

मग दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत बसले. आत चहा झाला, काकूंचा शिरा ताटल्यांत वाढून झाला, शेजारपाजारचे गाडी बघायला जमले. टर्नर सरांची बायको दोनदा बोलवायला बाहेर आली आणि तशीच आत गेली. ती चक्री केव्हाच गार झाली असणार. गाडी मात्र दोघांपैकी कुणीच बंद करेना.